चाल, तोल आणि पाऊल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आईची पावलं छोटी पडू लागली, बाबा वळताना भिंतीला हात लावू लागले, की घरात बहुधा एकच निदान होतं : वय झालं. चाल आणि तोल यांवर गेल्या काही दशकांत झालेलं संशोधन एवढ्यावर थांबत नाही. वयाचा वाटा असतोच, पण त्याच्या आड औषधं, नसा, मेंदू, कान, डोळे, स्नायू अशी कितीतरी कारणं दडलेली असतात, आणि त्यांतल्या बऱ्याच कारणांवर काही ना काही करता येतं. रुग्ण, घरची माणसं, काळजीवाहक आणि या विषयाकडे वळू पाहणारे विद्यार्थी पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

वय वाढलं की चाल मंदावतेच ना? मग ती मोजायची कशाला?

मंदावते, हे खरं. साठीनंतर चालण्याचा वेग हळूहळू उतरतो. मिनिटाला पडणाऱ्या पावलांची संख्या त्यामानाने टिकून राहते, पाऊल मात्र लहान होतं. पण एकाच वयाच्या दोन माणसांच्या वेगात मोठी तफावत असू शकते आणि ती तफावत बरंच काही सांगते. २०११ साली स्टेफनी स्टुडेन्स्की आणि सहकाऱ्यांनी नऊ अभ्यासांतल्या ६५ वर्षांवरच्या ३४,४८५ लोकांची माहिती एकत्र तपासली. वेग सेकंदाला ०.१ मीटरने जास्त असला, की पुढच्या काळातला मृत्यूचा धोका साधारण १२ टक्क्यांनी कमी दिसत होता.

मुद्दाम भरभर चालून आयुष्य वाढतं, असा याचा अर्थ कुणी काढू नये. चालताना हृदय, फुप्फुसं, सांधे, स्नायू, नसा आणि मेंदू सगळेच कामाला लागतात. कुठेही बिघडलं तरी ते वेगात उमटतं. म्हणूनच मला वाटतं, वयस्कर माणसाच्या तपासणीत वजन आणि रक्तदाबाशेजारी चालण्याचा वेगही नोंदला गेला पाहिजे. त्याला लागतं ते एक घड्याळ आणि चार मीटर मोकळी जागा.

चालणं म्हणजे पायांचं काम. त्यात मेंदू कुठून आला?

पावलांची मूळ लय खरं तर मेंदूच्याही खाली, मज्जारज्जूत तयार होते. टी. ग्रॅहम ब्राऊन या शास्त्रज्ञाने १९११ मध्येच मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं, की मेंदूशी संबंध तुटलेला मज्जारज्जूसुद्धा पायांच्या स्नायूंना आळीपाळीने हलवू शकतो. पुढे १९६६ मध्ये मॉस्कोतल्या शिक, सेवेरिन आणि ओर्लोव्स्की यांनी मांजराच्या मेंदूच्या देठात एक जागा शोधली. तिथे हलका विद्युतप्रवाह दिला की मांजर चालू लागे, आणि प्रवाह वाढवला की धावू लागे.

म्हणजे लय खालची आणि हुकूम वरचा. कधी सुरू करायचं, कुठे वळायचं, ओल्या फरशीवर पाऊल कसं टाकायचं, हे वरून ठरतं. मेंदूच्या गाभ्यातली केंद्रं सवयीची हालचाल लक्ष न देताही चालू ठेवतात. लहान मेंदू पावलांचा अंदाज आणि ताल सांभाळतो. मोठ्या मेंदूचा पुढचा भाग अडथळे, घाई, निर्णय यांच्याकडे पाहतो.

तोलाचं गणित आणखी वेगळं. माणूस स्तब्ध उभा आहे असं आपल्याला वाटतं, पण शरीर सतत किंचित झुलत असतं आणि मेंदू ते क्षणोक्षणी सावरत असतो. त्यासाठी तीन ठिकाणांहून खबर येते : डोळे, अंतर्कर्ण, आणि तळपाय-घोट्यांतल्या संवेदना. एक वाट अधू झाली तरी उरलेल्या दोन भार उचलतात. पायांची संवेदना कमी झालेला माणूस दिवसा ठीक चालतो आणि रात्री दिवा मालवल्यावर धडपडतो, तो यामुळेच. जर्मन वैद्य मोरित्झ रॉम्बेर्ग यांनी एकोणिसाव्या शतकात वर्णन केलेली, पाय जुळवून डोळे मिटून उभं राहण्याची चाचणी आजही याच तत्त्वावर केली जाते.

चालताना कुणी काही विचारलं की आई थांबून उत्तर देते. यात काळजीचं काही आहे का?

लक्ष ठेवण्यासारखं नक्कीच आहे. निरोगी तरुण वयात चालणं जवळजवळ आपोआप होतं, त्यामुळे बोलायला लक्ष मोकळं राहतं. चालण्यावरच लक्ष खर्च होऊ लागलं, की दोन्ही कामं एकदम पेलत नाहीत. स्वीडनमधल्या लिलेमोर लुंडिन-ओल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये यावर एक छोटा, पण या क्षेत्राला वळण देणारा अभ्यास प्रसिद्ध केला. निवासी संस्थेतल्या ५८ वृद्धांशी चालता चालता गप्पा मारल्या. १२ जण बोलण्यासाठी थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्यांतले १० पडले.

पुढे यातूनच दुहेरी कामाच्या चाचण्या रूढ झाल्या : चालताना शंभरातून सात-सात वजा करत जायचं, किंवा एका अक्षराने सुरू होणारे शब्द सांगायचे. वेग किती उतरतो, पावलं किती अनियमित होतात, हे पाहिलं जातं. घरात मात्र आईची अशी परीक्षा घेत बसू नका. थांबून उत्तर देणं ही तिने स्वतः शोधलेली सुरक्षित युक्ती आहे, ती मोडू नका. जिना उतरताना, रस्ता ओलांडताना तिच्याशी बोलू नका, आणि हे निरीक्षण डॉक्टरांना आवर्जून सांगा.

प्रयोगशाळेत नेमकं काय मोजतात?

वेग, पावलाची लांबी, दोन्ही पाय एकदम जमिनीवर असण्याचा काळ, डाव्या-उजव्यातला फरक. त्यासाठी दाब टिपणाऱ्या लांब चटया असतात, जमिनीत बसवलेल्या बलमापक पट्ट्या असतात, अंगावरच्या खुणा टिपणारे कॅमेरे असतात. हल्ली कमरेला किंवा पायाला लावायचे छोटे सेन्सरही बरंच काम करतात.

या सगळ्यांत मला सर्वांत बोलका वाटतो तो पावलापावलातला फरक. निरोगी माणसाची दोन पावलं वेळेच्या दृष्टीने जवळजवळ सारखी असतात. जेफ्री हाउसडॉर्फ यांच्या संशोधनातून दिसलं, की ही अनियमितता वाढलेल्या वृद्धांमध्ये पुढे पडण्याचं प्रमाण जास्त असतं. सरासरी वेग चांगला दिसत असतानाही हे घडू शकतं.

दवाखान्यात मात्र साध्या चाचण्याच जास्त चालतात. खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत येऊन बसण्याची चाचणी १९९१ पासून वापरात आहे. १२ सेकंदांहून जास्त वेळ लागला तर पडण्याचा धोका गृहीत धरून पुढची तपासणी सुचवतात. कॅनडात कॅथरिन बर्ग यांनी तयार केलेल्या तोलाच्या मापात १४ कृती आणि ५६ गुण असतात. कोणतीही एक चाचणी पडण्याचं भविष्य सांगत नाही. सहा महिन्यांच्या अंतराने तीच चाचणी पुन्हा केली, की तिचा खरा उपयोग कळतो.

चालण्याचा वेग घरी मोजता येईल का?

येतो. सपाट जागेत चार मीटर अंतरावर दोन खुणा करा. आधी आणि नंतर एक-दोन मीटर जागा मोकळी ठेवा, म्हणजे सुरुवातीचा आणि थांबतानाचा संथपणा हिशेबात येत नाही. नेहमीच्या वेगाने चालायला सांगा, पहिली खूण ओलांडताच घड्याळ सुरू करा, दुसरीवर थांबवा. चार भागिले सेकंद, हा झाला वेग. पाच सेकंद लागले तर सेकंदाला ०.८ मीटर. दोनदा मोजा, तारीख टाकून लिहून ठेवा. नेहमीची काठी असेल तर ती हातात असू द्या आणि कुणीतरी अगदी शेजारून चाला. एखाद्या दिवशीच्या आकड्याने घाबरू नका. काही महिन्यांत ०.१ मीटरची घट कायम राहिली, तर तो अर्थपूर्ण बदल मानतात.

पार्किन्सनच्या आजारात चाल कशी बदलते?

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ च्या निबंधात पुढे झुकलेलं शरीर आणि चालता चालता धावू लागण्याची ओढ यांचं वर्णन केलं होतं. सुरुवातीला बदल बारीक असतात : एका हाताचा झोका कमी होतो, एक पाय किंचित घासतो. पुढे पावलं लहान होतात आणि वळायला पुष्कळ पावलं लागतात. लेव्होडोपा या पार्किन्सनवरच्या मुख्य औषधाने वेग आणि पावलाची लांबी सुधारते, पण तोल त्या प्रमाणात सुधारत नाही. औषधाने हालचाल मोकळी होते, माणूस जास्त फिरतो, पण सावरण्याची क्षमता तेवढी वाढलेली नसते. वर्षभरात पार्किन्सनचे साधारण ६० टक्के रुग्ण एकदा तरी पडतात, असं अनेक अभ्यास एकत्र पाहिल्यावर दिसतं. म्हणून तोलाचा व्यायाम निदान झाल्याबरोबर सुरू व्हावा, पहिल्यांदा पडल्यावर नव्हे.

बाबांचे पाय अचानक जमिनीला चिकटल्यासारखे होतात. त्या क्षणी काय करायचं?

ओढू नका. हे सर्वांत आधी, कारण घरची माणसं मायेपोटी नेमकं तेच करतात. पाय खिळलेले असताना हात धरून ओढलं की धड पुढे जातं, पाय मागेच राहतात आणि माणूस कोसळतो.

दार, अरुंद जागा, वळण, गर्दी, फोनची घंटा, खुर्चीजवळ पोचल्यावरची घाई : ही पाय खिळण्याची नेहमीची ठिकाणं. सपाट जमिनीवर अडकणारा माणूस जिना मात्र सहज चढतो, हे पाहून घरच्यांना कधी कधी वाटतं की तो मुद्दाम करतोय. तसं मुळीच नाही. आपोआप चालण्याची यंत्रणा अडखळते, पण डोळ्यांसमोर ठळक खूण आली की मेंदू दुसऱ्या वाटेने काम करून घेऊ शकतो. पायऱ्या म्हणजे अशाच खुणा.

उपाय याच तत्त्वातून आले. आधी पूर्ण थांबा, श्वास घ्या. मग वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर हलवा, मोकळ्या झालेल्या पायाने ठरवून एक मोठं पाऊल टाका. जमिनीवर आडव्या पट्ट्या चिकटवता येतात, मोजत चालता येतं, तालाच्या ठोक्यावर चालता येतं, पुढ्यात प्रकाशाची रेघ पाडणारी काठी मिळते. वळताना जागच्या जागी गिरकी नको. थोडा मोठा फेरा घ्यावा. युरोपातल्या तीन देशांत पार्किन्सनच्या १५३ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फिजिओथेरपिस्टने घरी येऊन अशा खुणांचा सराव घेतला. चाल सुधारली, पाय खिळण्याची तीव्रता कमी झाली. पण सराव थांबल्यावर काही आठवड्यांत फायदा बराचसा ओसरला. म्हणजे हा सराव रोजचाच हवा. पाय खिळणं औषधाचा असर उतरल्यावर होतं की असर असतानाही, याची वेळेसह नोंद ठेवा. उपचार ठरवताना न्यूरॉलॉजिस्टला हीच माहिती सर्वांत जास्त लागते.

स्ट्रोकनंतर सहा महिने उलटले की सुधारणा संपते, हे खरं आहे का?

नाही. सुधारणेचा झपाटा पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो, हे बरोबर. पण २०११ मध्ये अमेरिकेत ४०८ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत काहींचा, शरीराचा काही भार उचलून धरणाऱ्या ट्रेडमिलवरचा सराव मुद्दाम सहाव्या महिन्यात सुरू केला होता, आणि त्यांच्यातही प्रगती झाली. वर्षअखेर एकूण ५२ टक्के रुग्णांची चालण्याची पातळी वरच्या गटात गेली होती. त्याच चाचणीत फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली घरी केलेले ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम महागड्या ट्रेडमिल पद्धतीइतकेच उपयोगी ठरले. मोठं यंत्र परवडत नाही म्हणून खचून जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबापर्यंत ही गोष्ट पोचायला हवी. पाऊल लोंबत असेल तर घोट्याचा स्प्लिंट किंवा नसेला विद्युत-चेतना देणारं उपकरण, यांबद्दल विचारा.

मंद चाल आणि विस्मरण यांचा संबंध असतो का?

असतो. जो वर्गीज आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं, की चालीत मज्जासंस्थेचा दोष असलेल्या वृद्धांना पुढे डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होण्याची, विशेषतः अल्झायमरखेरीज इतर प्रकारचा, शक्यता जास्त असते. पुढे त्यांनीच मंद चाल आणि स्मरणाची तक्रार एकत्र आढळण्याला धोक्याची खूण म्हणून मांडलं. प्रत्येक मंद चालणारा विसरभोळा होतो असं नाही, पण दोन्ही दिसत असतील तर दोन्हींची तपासणी एकत्र व्हावी.

डॉक्टरांकडे गेल्यावर कोणती कारणं तपासली जावीत?

पहिल्यांदा औषधांची पूर्ण यादी. झोपेच्या गोळ्या, मन शांत करणारी औषधं, काही रक्तदाबाची औषधं तोलावर परिणाम करतात. पण ती स्वतःहून बंद करू नका, काही औषधं एकदम थांबवणं धोक्याचं असतं. मग रक्तदाब झोपून आणि उभं राहून. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर भोवळीचं एक कारण सापडतं. मधुमेहामुळे किंवा बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे पायांची संवेदना गेली आहे का, तेही पाहावं. कूस बदलताच काही सेकंद गरगरत असेल तर अंतर्कर्णातल्या कणांचा दोष असू शकतो. डोकं ठरावीक क्रमाने वळवण्याच्या युक्तीने तो बऱ्याचदा एक-दोन भेटींत बरा होतो. मोतीबिंदू, दूर-जवळच्या एकत्र नंबराचा चष्मा, पायांची दुखरी नखं यांकडे सहज दुर्लक्ष होतं. जवळच्या नंबरातून खाली पाहिलं की पायरीची कड धूसर दिसते.

दोन कारणं विशेष लक्षात ठेवावीत, कारण ती हुकतात. मानेच्या मणक्यात मज्जारज्जू दबला, तर मान न दुखताही पाय ताठर होतात आणि बोटं बटणं लावताना अडखळतात. दुसरं कारण मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साचण्याचं : पाय जमिनीला चुंबकासारखे चिकटलेले, लघवी न थांबणं आणि विचार मंदावणं. सालोमोन हाकिम आणि रेमंड ॲडम्स यांनी १९६५ मध्ये याचं वर्णन केलं. पाठीतून थोडं पाणी काढल्यावर चाल सुधारते का, हे पाहून शस्त्रक्रियेचा निर्णय घेतात. निवडक रुग्णांची चाल तिने लक्षणीय सुधारते. इतर काहीतरी समजून ही संधी गेली, तर फार मोठं नुकसान होतं.

तातडीने केव्हा न्यावं?

एका बाजूचा अशक्तपणा, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, अचानक तोल जाऊन उभंही न राहता येणं : मिनिटही न दवडता. डोक्याला मार लागल्यावर, विशेषतः रक्त पातळ करणारी औषधं चालू असताना, बरं वाटत असलं तरीही. पाय झपाट्याने अशक्त होत असतील आणि लघवी-शौचावरचा ताबा जात असेल, तेव्हाही.

रोज फिरायला जाणं पुरेसं नाही का?

फिरणं सोडू नका, पण पडणं टाळण्यासाठी तेवढं पुरतं, असा भक्कम पुरावा नाही. कॅथरिन शेरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये १०८ चाचण्या एकत्र तपासल्या. व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटलं. तोलाचे आणि रोजच्या हालचालींचे व्यायाम त्यात आघाडीवर होते; त्यांना ताकदीच्या व्यायामाची जोड दिली, तेव्हा घट सुमारे ३४ टक्के होती. तोलाचा व्यायाम थोडा अवघड वाटलाच पाहिजे. स्वयंपाकाच्या ओट्याशी किंवा भक्कम टेबलाशी उभं राहून पाय जुळवणं, एकापुढे एक पाऊल ठेवणं, एका पायावर उभं राहणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं. सोपं झालं की आधाराचा हात हलका करायचा. आठवड्याला तीन तासांपर्यंत सराव नेता आला तर परिणाम अधिक दिसतो.

वय फार झालंय असं वाटत असेल तर २०१४ ची अमेरिकेतली चाचणी पाहा. ७० ते ८९ वयाचे, हालचाल आधीच मंदावलेले १,६३५ जण. चालणं, ताकद, तोल, लवचीकता असा नियमित व्यायाम करणाऱ्यांपैकी ३०.१ टक्के लोकांची ४०० मीटर चालण्याची क्षमता गेली; फक्त आरोग्याची माहिती मिळालेल्यांमध्ये ३५.५ टक्के. फरक डोळे दिपवणारा नाही, पण स्वतःच्या पायांनी बाहेर जाता येणं ज्यांचं टिकलं, त्यांच्यासाठी तो सगळंच आहे. पार्किन्सनमध्ये ताई ची या संथ हालचालींच्या चिनी व्यायामाचा उपयोग २०१२ मध्ये १९५ रुग्णांवर दिसून आला : तोल सुधारला आणि पडणंही कमी झालं.

काठी घेतली की माणूस परावलंबी होतो का?

काठी नाकारून घरात बसणारा माणूस जास्त लवकर परावलंबी होतो. मूठ सरळ लोंबत्या हाताच्या मनगटाच्या घडीइतक्या उंचीवर हवी, आणि काठी दुखऱ्या किंवा अशक्त पायाच्या विरुद्ध हातात. उसना वॉकर वापरू नका. पार्किन्सनमध्ये उचलून पुढे टेकायचा वॉकर चालण्याची लय तोडतो. ब्रेक असलेला चाकांचा प्रकार बहुतेकांना बरा पडतो, पण तो फिजिओथेरपिस्टसमोर चालवून पाहावा.

ड जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसाने पडणं थांबतं?

उलट घडलेलं आहे. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत वर्षातून एकदा पाच लाख युनिटचा डोस घेतलेल्या वृद्ध स्त्रिया जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. कमतरता तपासून डॉक्टर सांगतील तेवढंच घ्या.

एकदा पडल्यापासून आजी उठायलाच घाबरते. समजूत कशी घालायची?

तिची भीती खोटी ठरवू नका. भीतीने हालचाल कमी होते, हालचाल कमी झाली की पाय अशक्त होतात आणि पडण्याचा धोका खरोखरच वाढतो, पण ‘घाबरू नकोस’ म्हटल्याने हे चक्र तुटत नाही. पडल्यावर जमिनीवरून कसं उठायचं हे फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या : कुशीवर वळणं, हात-गुडघ्यांवर येणं, खुर्चीपर्यंत सरकणं, एक पाय टेकून उठणं. हे जमतं असं तिला एकदा कळलं, की उभं राहण्याचा धीर येतो. सावरण्याचा सरावही हल्ली सुरक्षा-पट्टा बांधून करवतात. ट्रेडमिलवर आभासी अडथळे ओलांडण्याचा सहा आठवड्यांचा सराव २०१६ मधल्या पाच देशांतल्या चाचणीत नुसत्या ट्रेडमिलपेक्षा सरस ठरला.

नव्या उपचारांबद्दल बातम्या येतात. त्यांत कितपत तथ्य आहे?

तथ्य आहे, पण ते पाहायला आकडा वाचावा लागतो : किती रुग्ण? २०२३ मध्ये ग्रेगवार कुर्तीन आणि जोसलीन ब्लोक यांच्या गटाने मज्जारज्जूच्या दुखापतीने पायांवरचा ताबा गमावलेल्या एका माणसाचा मेंदू आणि मज्जारज्जू यांच्यात डिजिटल दुवा जोडला. तो उभा राहिला, चालला. त्याच वर्षी पार्किन्सनच्या एका रुग्णात मज्जारज्जूला चेतना देऊन चाल सुधारल्याचं त्यांनी प्रसिद्ध केलं. दोन्हीकडे रुग्ण एकेकच. विज्ञानाच्या दृष्टीने हे फार मोठं पाऊल आहे, पण अजून दवाखान्यात मिळणारा उपचार नाही. याउलट मेंदूतली खोलवरची विद्युत-चेतना १९८७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोब्लपासून सुरू होऊन आता रुळलेली आहे. ती कंप आणि ताठरपणा कमी करते, तोलासाठी मात्र तिच्यावर फार भरवसा ठेवता येत नाही. सेन्सरांचं क्षेत्र अधिक जवळ आलं आहे. ड्युशेन या स्नायू क्षीण करत जाणाऱ्या आनुवंशिक विकारात रोजच्या आयुष्यात मोजलेला पावलांचा वेग औषधांच्या चाचणीत मुख्य निकष म्हणून वापरायला युरोपच्या औषध नियामकांनी २०२३ मध्ये मान्यता दिली.

संशोधनात सहभागी व्हायचं असेल तर काय विचारावं?

चाचणीत किती वेळा यावं लागेल, नेण्या-आणण्याचा खर्च कोण करणार, चालताना पट्टा किंवा माणूस आधाराला असेल का, पडून दुखापत झाली तर उपचार कोण देणार, आणि सेन्सर घरी लावला तर तो फक्त हालचाल टिपतो की आवाज आणि ठिकाणसुद्धा. संमतिपत्र घरी नेऊन वाचायला मागा. स्मरण कमी झालेल्या माणसाच्या बाबतीत घरच्यांची सही घेतली, तरी त्याला त्याच्या भाषेत समजावून विचारलंच पाहिजे. मधेच नकार देण्याचा हक्क असतो, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. चाचणी संपल्यावर तुमचे स्वतःचे आकडे तुम्हाला मिळतील का, हेही आधीच विचारून ठेवा. पुढच्या तपासणीत तुलनेसाठी ते उपयोगी पडतात.